बाघचा पाषाण आणि माळव्याचा इतिहास

माळव्याच्या इतिहासाचा आरंभ आपण शाळांतून अवंती महाजनपदापासून करतो. लिखित साधनांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु धार जिल्ह्यातील बाघच्या परिसरात भूमीने जपून ठेवलेली साधने याहून कितीतरी प्राचीन आहेत. इतिहासशिक्षकाने त्यांच्याकडे पाठ फिरविणे इष्ट नव्हे.

उज्जयिनीची काळी माती ज्या अग्निजन्य खडकापासून झाली, त्याच्याही खालचे जलजन्य थर बाघकडे उघडे पडले आहेत. तळाशी निमाडचा वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक आणि त्याहीवर ‘प्रवाळी’ म्हटला जाणारा चुनखडक. हे शेवटचे नाव मात्र फसवे आहे. त्यातील अवशेष मुख्यतः प्रवाळांचे नसून ब्रायोझोआ नामक सूक्ष्म जीवांच्या वसाहतींचे आहेत. शिंपले, समुद्री अर्चिन आणि वेटोळेदार अमोनाइट यांवरून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, हे सिद्ध होते. येथील समुद्री अर्चिनांचे वर्णन डंकन यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केले. ब्लॅनफर्ड यांचा या खोऱ्याचा भूवृत्तांत १८६९ चा.

समुद्र ओसरल्यावर, ज्वालामुखीचा लाव्हा सर्वत्र पसरण्यापूर्वी, येथे डायनोसॉरांनी अंडी घातली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या भागातील ९२ घरटी व २५६ अंडी नोंदली आहेत. पाडल्या गावचे शेतकरी असे वाटोळे दगड शेताचे व गुरांचे रक्षक ‘काकड भैरव’ म्हणून पूजीत आले. या श्रद्धेला हसू नये; ज्याची पूजा होते, त्यावर सहसा घण पडत नाही.

मानवी इतिहासही याच पाषाणाने घडविला. बाघची बौद्ध लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत. सुबंधूचा ताम्रपट तेथेच १९२९ मध्ये सापडला. खडक मऊ, म्हणून कोरणे सुकर झाले; पण त्याच मऊपणामुळे आणि झिरपत्या पाण्यामुळे छते कोसळली, चित्रे विटली. उरलेली चित्रे भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली. हा नाश केवळ राजवंशांच्या उदयास्तावरून उलगडत नाही. त्यासाठी खडकाचा स्वभाव जाणावा लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांची सहल बाघला नेणाऱ्या शिक्षकाने लेण्यांबरोबर भोवतालचे थरही दाखवावेत, आणि शंखशिंपले खिशात घालण्याचा मोह आवरण्यास शिकवावे. थरातून उपटलेला जीवाश्म मिती फाटलेल्या पत्रासारखा असतो: अक्षरे लागतात, पण काळ कायमचा हरवतो.