केनिची यामामोतो

केनिची यामामोतो (१९२२–२०१७) : हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा, कंपनीतील इंजिनिअर. तोक्योच्या विद्यापीठात शिकूनही १९४६ साली ते कंपनीत लागले ते साध्या कामगाराच्या जागेवर. १९६३मध्ये रोटरी इंजिनाच्या संशोधन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. खरी अडचण होती या इंजिनात पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरच्या टोकांवरील सीलची. ती थरथरत आणि इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठत. या ओरखड्यांना तिथे 'सैतानाची नखे' म्हणत. शेवटी कार्बन व अॅल्युमिनियमपासून केलेली सील टिकली आणि १९६७ साली रोटरी इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. या इंजिनाची मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची, हे खरेच. पण ती रस्त्यावर टिकवून दाखवण्याचे श्रेय यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच द्यायला हवे. पुढे १९८४मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले.