पेवातली वीज

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. पण आता त्याची ओळख आहे ती विडी कामगारांच्या घरकुलांमुळे. २००६ मध्ये इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत कामगार बायांच्या हाती आली. जानेवारी २०२४ मध्ये इथल्याच रे नगर वसाहतीतल्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दुपारी दारात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला दिवा लागत नाही. माथ्यावर ऊन मी म्हणत असतं. सात वाजले की मात्र हजारो घरांत एकदम दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात, आणि ऊन तर केव्हाच गेलेलं असतं. सौर विजेची सगळी अडचण या एका वेळापत्रकात आहे. जेव्हा आहे तेव्हा नको, जेव्हा हवं तेव्हा नाही.

ही अडचण सोलापूरला नवी नाही. फक्त आजवर ती विजेची नव्हती, ज्वारीची आणि पाण्याची होती.

ज्वारीवरचा इथला उपाय म्हणजे पेव. कोरडी, मुरमाड जमीन बघून खड्डा घ्यायचा. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. सुगीत भरलेलं पेव अडीनडीला उघडायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे ज्याला माहीत नसे तो आत गुदमरून मरे. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आजही लोकांच्या तोंडी आहेत ते धान्य पिकवलं म्हणून नव्हे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं रयतेला खुली केली, अशी कथा आहे म्हणून.

पाण्याचंही तेच. चार महिन्यांचा, तोही बेभरवशाचा पाऊस बारा महिने पुरवायचा म्हणून इंग्रजांच्या काळात एकरुखचा तलाव बांधला गेला. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. तो १८७१ मध्ये पुरा झाला. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण उभं राहिलं.

वीज आली तेव्हा हा हिशेब बिघडला. कारण वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ चुकला की तारांमधली ५० हर्ट्झची लय ढळते आणि फार ढळली तर अंधार. मग साठा ठेवायचा कुठे? उत्तर निघालं ते विजेच्या अलीकडे. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांत पावसाळा अडवायचा आणि मुंबईच्या गिरण्या वर्षभर चालवायच्या. तलाव हाच विजेचा साठा झाला. औष्णिक केंद्रातला कोळशाचा ढीगही त्याच जातीचा. कुंभारीच्याच तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र आहे. तिथला कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, जमिनीत मुरलेलं ऊन. संध्याकाळी मागणी वाढली की थोडा जास्त जाळायचा.

दुसरी पायरी म्हणजे तयार झालेली वीज परत पाण्यात घालणं. रात्री वीज उरली की तिच्यावर पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. इगतपुरीजवळचा घाटघर प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. उजनीच्या पायथ्याचं १२ मेगावॅटचं छोटं यंत्रही असंच दोन्हीकडे फिरणारं बसवलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवटा आणि भिवपुरी इथे मिळून २,८०० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. शंभर वर्षांनंतर गाडी पुन्हा शिरवट्याच्याच काठी आली. पण या उपायाला घाट लागतो. कुंभारीच्या सपाट माळावर पाणी चढवणार कुठे?

माळाला बॅटरीच हवी. बॅटरीचं घराणं तसं जुनं. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसं आणि आम्लाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. ती आपल्याकडे ट्रॅक्टरमध्ये आली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आली आणि भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरबरोबर थेट जिन्याखाली येऊन बसली. महिन्या-दोन महिन्यांनी झाकणं उघडून तिच्यात पाणी घालणं हे घरातल्या कुणातरी एकाचं काम असे. ज्याला परवडलं त्याने आपलं पेव आपल्या घरात खणलं, बाकीचे मेणबत्तीवर राहिले.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीच्या हातून. त्यातला लोह-फॉस्फेटचा प्रकार १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आला. तो स्वस्त, टिकाऊ आणि आगीचा धोका तुलनेने कमी असणारा. म्हणून मोठ्या साठ्यांसाठी आज त्याचाच बोलबाला आहे. २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी बसली. २०१९ मध्ये दिल्लीच्या रोहिणीत १० मेगावॅटची. २०२४ मध्ये छत्तीसगडच्या राजनांदगावात सौर केंद्राला जोडून ४० मेगावॅटची, तीन तास चालणारी.

पेव नुसतं केवढं असं विचारून भागत नाही. मेगावॅट म्हणजे तोटी केवढी, मेगावॅट-तास म्हणजे टाकी केवढी. कुंभारीचाच हिशेब मांडू. १०,००० घरांनी संध्याकाळी सरासरी अर्धा किलोवॅट घेतला, तर तोटी हवी ५ मेगावॅटची. चार तास पुरवायचं तर टाकी हवी २० मेगावॅट-तासांची, म्हणजे २०,००० युनिटची. आज वीस फुटी एका कंटेनरमध्ये साधारण ५ मेगावॅट-तास मावतात. चार कंटेनर झाले. घट आणि झीज धरून पाच. सोबत इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, गारवा राखणारी यंत्रणा आणि जवळ उपकेंद्र. शंभर युनिट भरले तर परत मिळतात सुमारे ८५. पेवाच्या तळाची ज्वारीही थोडी खराब व्हायचीच. कोंडलेल्या साठ्याचा धोकाही चुकलेला नाही. एक सेल तापून पेटला की शेजारचा पेटतो, म्हणून कंटेनरांमध्ये अंतर सोडावं लागतं.

जागा म्हणून सोलापूर वाईट नाही. ऊन उदंड, माळरान मोकळं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीनेच दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, म्हणजे रात्री पाणी धरायला, विंचू-सापाच्या भीतीने टॉर्च घेऊन बांधावर जाणं कमी व्हावं. पण शेताचं दुपारी भागलं तरी घराचा सात वाजताचा प्रश्न उरतोच.

बॅटरीचे दर मात्र झपाट्याने उतरले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत बॅटरीचं भाडं मेगावॅटला महिना १० लाख ८४ हजार निघालं होतं. २०२५ मध्ये, अनुदान धरून, ते अडीच लाखांच्याही खाली आलं. आता देशभर या प्रकल्पांचं पेव फुटलंय, असं म्हणायला हरकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदतीची योजना मंजूर केली. तिच्यात एक अट आहे: साठ्याची किमान ८५ टक्के क्षमता वीज वितरण कंपन्यांना, म्हणजे पर्यायाने सामान्य ग्राहकांना, उपलब्ध व्हावी.

या सगळ्या इतिहासात मला ती अट सर्वांत महत्त्वाची वाटते. बॅटरी वीज पिकवत नाही; ती पेव आहे, शेत नव्हे. माळावर कंटेनर येऊन उभे राहिले की किती मेगावॅट हे फलकावर लिहिलेलं असेलच. गावाने विचारायचं ते एवढंच, की संध्याकाळी सातला हे पेव कुणासाठी उघडणार आहे.