कुतचा वेढा आणि लिंबाच्या रसातले कोडे

७ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावाला तुर्की फौजांचा वेढा पडला. आत अडकली होती ती ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी, म्हणजेच पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीपुढे शरणागती पत्करावी लागली. तोवर एकाच वेढ्यात दोन निरनिराळे आजार बळावले होते: गोऱ्या सैनिकांत बेरीबेरी, तर भारतीय शिपायांत स्कर्व्ही.

कारण शिध्यात होते. पांढऱ्या मैद्याच्या पावात ब जीवनसत्त्व नव्हते, भारतीयांच्या आट्यात ते होते. मात्र ताजे मांस गोऱ्यांना घोड्यांच्या रूपाने मिळाले. भारतीयांपैकी बहुतेकांनी ते अखेरच्या आठवड्यांपर्यंत धर्मभावनेने नाकारले, आणि हिरवी भाजी तर जवळपास नव्हतीच. हिरड्या सुजणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे ही स्कर्व्हीची लक्षणे शेकडो शिपायांत दिसली.

पण लिंबाचा उपाय तर जुनाच होता! १७४७ साली जेम्स लिंड याने बारा आजारी खलाशांवर सहा उपाय तपासले, तेव्हा संत्री आणि लेमन खाणारे दोघे सर्वांत लवकर बरे झाले. पुढे १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लेमनचा रस नियमाने मिळू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र भूमध्य सागराकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजचे, आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे, लिंबू आले. दोन्ही आंबट, म्हणून दोन्ही सारखीच, असा समज होता. मेसोपोटेमियातल्या फौजेलाही हाच साठवणीचा रस दिला जाई. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९१८ मध्ये दाखवले, की हा रस लेमनच्या ताज्या रसापुढे फारच दुबळा आहे.

गुण आंबटपणात नव्हता, तर एका नाजूक रेणूत होता. साठवण, उष्णता आणि तांब्याचा स्पर्श यांनी तो नष्ट होतो. १९३२ साली चार्ल्स किंग याने लेमनच्या रसातून तो वेगळा केला. त्याच सुमारास आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यानेही आपले ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ म्हणजेच क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले. शरीरातील कोलॅजेनचे धागे पक्के विणले जाण्यासाठी ते लागते. म्हणूनच त्याच्या अभावी भरलेले व्रणही उकलतात.

चिक यांच्या गटाने आणखी एक स्वस्त उपाय सिद्ध केला होता: मोड आलेली कडधान्ये. कोरड्या दाण्यात हा गुण जवळपास नसतो. भिजवून मोड आणले की तो निर्माण होतो. मात्र दाणा अख्खा, सालासकट हवा. भारतीय शिपायाच्या शिध्यात डाळ असे. पण ती भरडलेली, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.