कळलावी आणि पेशीतली रस्सीखेच

श्रावणात मुरबाडहून माळशेजकडे निघालं की झुडपांत लाल-पिवळी कळलावी फुललेली दिसते. शहापूरला माहुलीच्या पायथ्याशीही. बाळंतकळा लावते म्हणून कळलावी. पण कंद म्हणजे जालीम विष, त्यात कोल्चिसिन असतं. (युरोपात हेच रसायन कोल्चिकमच्या कंदात सापडतं.)

पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी सूक्ष्मनलिकांचे दोर ओढतात. दोर जिथे अडकतो ती प्रथिनांची खुंटी म्हणजे कायनेटोकोर. कोल्चिसिन दोरच वळू देत नाही. मग रिकामी खुंटी 'थांबा' असा निरोप धाडते आणि पेशी अडून बसते. आमच्याकडे टेस्ट नापास झाली की रिलीज अडतो, तस्संच! या निरोपामागची जनुकं यीस्टमध्ये सापडली ती थेट १९९१ साली.

अडलेल्या पेशींचा उपयोग मात्र त्याआधीच झाला होता. १९२३ साली थिऑफिलस पेंटरने माणसाची गुणसूत्रं ४८ मोजली आणि पुस्तकांत तेच बसलं. स्वीडनमधल्या लुंडला त्जियो आणि लेवान यांनी पेशी कोल्चिसिनने थोपवल्या, सौम्य द्रावणात फुगवल्या, आणि सुट्या झालेल्या गुणसूत्रांची शिरगणती केली. भरली ४६! हे छापून आलं १९५६ साली. म्हणजे तब्बल ३३ वर्षं सगळे जण दोन जास्तच मोजत होते.