लोफर

परवा वर्गात एका मुलाने दुसऱ्याला ‘लोफर’ म्हटले आणि तक्रार माझ्यापुढे आली. “अर्थ सांग,” म्हटले, तर पोरगा म्हणतो, “सर, नाक्यावर उभा राहतो तो!”

हा शब्द अमेरिकेत १८३० च्या दशकात रूढ झाला. मूळ बहुधा जर्मन ‘लांडलॉयफर’, म्हणजे गावोगाव हिंडणारा. त्यात शिवी फारशी नाही. आणि गंमत पाहा, हिंदुस्थानात तो लागला तो गोऱ्यांना! बोट सोडून पळालेले खलाशी, रेल्वेच्या कामावरून सुटलेले लोक बाजारातून भीक मागत फिरत. साहेबाने नेटिवापुढे हात पसरावा, म्हणजे राज्याची अब्रूच की! १८६९ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा झाला, १८७४ मध्ये पुन्हा नवा. असा गोरा सापडला की वर्कहाउसात ठेवायचा. काम न मिळाल्यास करार लिहून घेऊन बोटीने परत धाडायचा. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १८८८ सालच्या राजा होऊ पाहणाऱ्या माणसाच्या कथेतले दोघे बिलंदर याच पंथाचे.

गोरे गेले, शब्द आमच्या चाळींत उतरला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. साच्यावर काम करणारे माझे वडीलही. सवयीने ते पाळीच्या वेळी उठत आणि डब्याशिवाय लालबागच्या नाक्यावर जाऊन उभे राहत. मी तेव्हा लहान. शेजारची बाई त्यांना एकदा ‘लोफर’ म्हणाली. आई त्या घरी पुन्हा कधी हळदीकुंकवाला गेली नाही.