सुलतान बाजारचे कागद : क्रम कोणाचा?

हैदराबादेतील सुलतान बाजाराच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर उंच खांबांची एक भव्य वास्तू उभी आहे. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा 1798 ते 1805 या काळात निजामाच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. ही वास्तू त्याच्या पुढाकाराने उभारली गेली. पुढे तेथे स्त्रियांचे महाविद्यालय आले. त्या वास्तूभोवती जी पेठ वसली तिला लोक रेसिडेन्सी बाजार म्हणत. शहर निजामाचे असले तरी या पेठेत हुकूम चाले तो रेसिडेंटचा. 1933 साली ही वस्ती निजाम सरकारकडे परत आली आणि तिचे नाव सुलतान बाजार झाले.

नाव बदलले, हुकमत बदलली, आणि त्याबरोबर कागदही दोन घरांचे झाले. रेसिडेन्सीची दप्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली. निजामाच्या कचेऱ्यांचे जुने दप्तर हैदराबादेतच असून ते आज तेलंगणाच्या अभिलेखागारात आहे. एकेकाळी एका ठिकाणचे कागद पाहण्यास शेकडो मैलांचा प्रवास करावा लागे. आता त्यांची छायाचित्रे संगणकावर एकत्र करता येतात. परंतु एकत्र केल्यावर ती लावावयाची कशी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

तारखेप्रमाणे लावावी, हे प्रथम सुचते. रेसिडेन्सीचा कारकून इसवी सन लिही, निजामाचा अहलकार फसली सन लिही. हैदराबादचा फसली सन इसवी सनाच्या सुमारे 590 वर्षे मागे असतो. आकडे पाहूनच लावणी करणाऱ्या यंत्राच्या हाती हे काम दिले, तर 1342 फसलीचा, म्हणजे 1933च्या सुमाराचा, कागद थेट महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत जाऊन बसेल! ही चूक निदान हसू आणते आणि लवकर सापडते. स्थळाप्रमाणे लावण्यातली चूक मात्र सापडत नाही. 1930चा आणि 1935चा असे दोन कागद ‘सुलतान बाजार’ या एकाच मथळ्याखाली घातले की ते एकाच सत्तेचे भासू लागतात. त्याच गल्लीतील दुकानदाराने पहिल्या वर्षी कोणाच्या दारी अर्ज केला आणि दुसऱ्या वेळी कोणाच्या, हेच तर इतिहासाला हवे असते!

मिसलीला तिचा स्वतःचा क्रम असतो. अर्ज, त्यावरचा शेरा, विचारणा, उत्तर आणि शेवटी हुकूम. यातील हुकूम तेवढे वेगळे काढून विषयवार रचले तर हुकूम वाचता येतात, पण ते का निघाले हे कळत नाही. युरोपात हा अनुभव आधीच आला होता. फ्रान्समध्ये 1841 साली एका कचेरीचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळू नयेत असा नियम झाला. 1898 साली नेदरलँडमधील म्युलर, फेथ आणि फ्राउइन या तिघा दप्तरपालांनी मूळ क्रम राखण्याचे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले.

मराठी वाचकाला पेशवे दप्तराची आठवण येथे होणारच. पुण्याच्या त्या संग्रहात 34,972 रुमाल मोजले गेले; त्यांपैकी 27,332 मराठी. इंग्रजी अमदानीत इनामांची चौकशी हा हेतू धरून हे कागद चाळले व लावले गेले. प्रश्न विचारणाऱ्याला इनामदार हवा होता. लढाई, तह, कुटुंबकलह शोधणाऱ्याची सोय त्यात नव्हती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या डोंगरातून वेचे काढले आणि 1930 ते 1934 या काळात 45 खंड प्रसिद्ध केले. ते खंड विषयवार आहेत, आणि वाचकांना ते सोयीचे वाटतात. पण ती सोय खंडांची, रुमालांची नव्हे.

संगणकात तर दोन्ही गोष्टी साधतात, मात्र छायाचित्राबरोबर अभिलेखागाराचे नाव, मिसलीचा क्रमांक आणि पानाचा आकडा न चुकता नोंदलेला हवा. मग यादी हवी तितक्या वेळा हलवावी, तारखेने, स्थळाने, माणसाच्या नावाने. मूळ पाने जागची हलत नाहीत. सुलतान बाजाराच्या यादीत सनाचे रकाने दोन लागतील, फसली आणि इसवी. आणि स्थळाचेही दोन, त्या वेळचे नाव व आजचे नाव. कचेरीचा रकाना पाचवा, आणि तो भरल्याशिवाय पहिले चार कोणी भरू नयेत.