कोसाला तीन चौक्या

मिटमिटा मागे पडलं की रस्त्यावरचे दिवे विरळ होतात आणि हँडलवरच्या दिव्याचा उजेड तेवढा डांबरावर पुढे पळत राहतो. डिसेंबरची पहाट आहे. हातमोजे घालूनही बोटांची टोकं गारठली आहेत. बाटलीतलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दातांना झोंबतंय. शरणापूर फाटा गेला, आता दौलताबाद जवळ आलं.

शर्यत सहा आठवड्यांवर आहे. हौशींचीच आहे, पण तिच्या शेवटी घाट आहे आणि निकाल तिथेच लागणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाच्या माथ्यावर सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सपाटीवर घोळक्यात कुणाच्या तरी मागे दडून वारा चुकवता येतो. चढावर वेग इतका पडतो की पुढच्याच्या आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही, तिथे ज्याचं त्यालाच ओढावं लागतं. म्हणून त्या मानाचं मोल वेगळं.

संभाजीनगरच्या सायकलवाल्याला सरावासाठी घाट शोधत लांब जावं लागत नाही, हे त्याचं भाग्य. शहर समुद्रसपाटीपासून 568 मीटरवर, म्हैसमाळ 1067 मीटरवर. चाळीसेक किलोमीटरच्या वाटेवर पाचशे मीटर चढायचे, पण ते सारखे वाटलेले नाहीत. दौलताबादपर्यंत रस्ता नुसता हेलकावतो, मग घाट लागतो. वर खुलताबादला जरा दम खाता येतो आणि म्हैसमाळकडे वळलात की पुन्हा चढ. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून रात्रभर चालत जाणारे भाविक हाच घाट पायी चढतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांची चाल एकदा नीट बघा. घाटाच्या सुरुवातीला ती जितकी असते, तितकीच माथ्यावरही असते.

किल्ल्याचा काळा कडा डावीकडे उभा राहतो. पुढे घाटातला दिल्ली दरवाजा, जेमतेम एक मोठं वाहन जाईल एवढी जुनी वेस. नवखा सायकलस्वार इथून बाहेर पडला की उत्साहाने उभा राहून पेडल मारायला लागतो आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्याच्या मांड्यांत आग पेटते. तुम्ही चेन मागच्या चाकाच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर घेता, बसूनच राहता आणि वेशीच्या अंधारात शिरता.

बाहेर पडता तेव्हा चाकाखाली डांबर नसतं.

टायर लाल मुरमात रुततो, हँडल हातात वळवळतं. दोन्ही बाजूंना झाडांची गर्द रांग, फांद्या डोक्यावर एकमेकींना भिडलेल्या. वाहनाचा आवाज नाही, विजेची तार नाही. तुम्ही मागे वळून झाडीच्या फटीतून बघता. कडा तोच आहे, पण किल्ल्यातला चांद मिनार दिसत नाही. तो बहामनी सुलतानाच्या काळात उभा राहणार, त्याला अजून शंभरेक वर्षं आहेत. हे 1342 साल आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये देवगिरीला राजधानी आणली, तिचं दौलताबाद केलं, मग पुन्हा लोकांना दिल्लीला परतायची मुभा दिली. आता इथे त्याचा गुरू कुतलुग खान कारभार बघतो. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला जेमतेम पन्नास वर्षं होताहेत.

मागून घुंगरांचा आवाज येतो.

एक माणूस पळत येतोय. उघडा, कंबर कसलेली, एका हातात पत्राची थैली, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी. काठीच्या टोकाला घुंगरं आहेत, पावलागणिक ती वाजतात. तो तुमच्या सायकलकडे एकदाच बघतो आणि नजर पुन्हा वाटेवर लावतो. थांबायला त्याला वेळ नाही. तुम्ही त्याच्या बाजूने चालवू लागता. सायकलला बारा गिअर, त्याचे पाय अनवाणी, आणि मुरमाच्या त्या चढावर त्याच्या बरोबरीने राहायला तुम्हाला जीव काढावा लागतो. त्याचा श्वास कानाशी ऐकू येतो, दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. पाठीवर घामाचे ओघळ आहेत, मान मात्र ढिली सोडलेली. खांदे वर चढलेले नाहीत. तुमचे चढलेत. ते तुम्ही खाली सोडता आणि लगेच छातीत जागा होते.

वळणाच्या पुढे एक मांडव आहे. घुंगरं ऐकून तिथला माणूस आधीच उठून उभा आहे, कंबर बांधून, हात पुढे करून. थैली या हातातून त्या हातात जाते, नवी घुंगरं वाजू लागतात आणि लांब जातात. पहिला माणूस मांडवाच्या खांबाला पाठ लावून बसतो. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत असतात.

हे सगळं त्या काळी इथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवलंय. दिल्लीहून दौलताबादला चाळीस दिवस लागतात, वाटेत झाडं इतकी की बागेतून चालल्यासारखं वाटतं, असं तो सांगतो. पायी टपालाच्या कोसाला तीन चौक्या असत आणि ते घोड्याच्या टपालापेक्षा वेगाने जाई. सिंधहून दिल्लीची पन्नास दिवसांची वाट, पण बातमी पाच दिवसांत पोहोचे. कोस तीन-सव्वातीन किलोमीटरचा धरला तर एका माणसाच्या वाट्याला किलोमीटरभर रस्ता आला. चढावर चार-पाच मिनिटांचं पळणं. आजचे प्रशिक्षक घाटासाठी जे तुकडे करून देतात, चार मिनिटं जोर आणि तेवढीच विश्रांती, त्यांची लांबीही हीच. मला हा योगायोग वाटत नाही. माणसाच्या छातीचं आणि पायांचं गणित सातशे वर्षांत बदललेलं नाही.

तुम्ही खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्यापुढे धरता. तो वास घेतो, एक कण जिभेवर ठेवतो. गूळ ओळखीचा आहे. दाणा मात्र तो बोटांत धरून उलटसुलट बघत राहतो. शेंगदाणा अमेरिकेतून यायचा आहे, तोही अजून दीड-दोनशे वर्षांनी. मिरचीही नाही. इथे द्राक्षं आणि डाळिंबं आहेत, वर्षातून दोनदा पिकणारी. तो लाडू सावकाश चावून खातो आणि तुम्ही धीर करून विचारता, “दादा, सगळा घाट एकट्यानं पळावा लागला तर?”

“एकट्यानं कशाला?” तो म्हणतो. “पुढं माणूस उभा हाय म्हणून तर पळता येतंय. माझा तुकडा कुठं सरतो ते मला ठावं हाय. तिथवर काय बी राखून ठेवायचं नाही.”

त्याची मराठी तुमच्यापेक्षा किती वेगळी असेल कोण जाणे, पण एवढं तुम्हाला लख्ख कळतं. मग तो वर बोट करतो. सुलतान इथे असायचा तेव्हा त्याच्या पिण्याचं गंगेचं पाणी याच वाटेने यायचं. त्या दिवशी चाल निराळी. पाण्याचं ओझं घेऊन उधळून चालत नाही, पाऊल एका मापात पडावं लागतं. बोलताना तो हाताने ते दाखवतो, तळहात सपाट ठेवून, न हलवता पुढे नेत.

एसटीचा हॉर्न वाजतो. तुम्ही दचकून सायकल रस्त्याच्या कडेला घेता. डांबर, पांढरा पट्टा, मैलाचा दगड, सगळं जागच्या जागी.

त्या दिवसापासून तुमचा घाट बदलतो. अख्ख्या चढाकडे बघायचं तुम्ही सोडून देता. वेशीपासून पहिल्या मोठ्या वळणापर्यंत एक चौकी, तिथून दगडापर्यंत दुसरी, पुढच्या झाडापर्यंत तिसरी. मंगळवारी तुकडे: एक चौकी जोरात, पायाचा वेग मिनिटाला ऐंशी फेऱ्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, मग वळून हळूहळू खाली यायचं आणि पुन्हा वर, असं पाच वेळा. पाचवी फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली तर काम साधलं. ती लांबली तर पहिली उगाच मारली. रविवारी पाण्याच्या ओझ्याची चाल: म्हैसमाळपर्यंत एका मापात, शेजारच्याशी अर्धं वाक्य बोलता येईल इतका दम राखून. पहिली चाल छातीचा आवाका वाढवते, दुसरी पायांना तासभर टिकायला शिकवते. दोन्ही एकाच दिवशी करायचा मोह होतो, तो आवरा. अर्धवट जोर आणि अर्धवट विश्रांती या मधल्या चालीत हौशी लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात.

खुलताबादला चहा पिताना सायकलवाल्यांत वजनाचा विषय निघतोच. कार्बनची चौकट घ्यावी का, चाकं हलकी करावीत का. इथेच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर आहे. तिच्या घुमटाच्या दिशेने बघताना क्षणभर तुम्ही 1624 मध्ये जाता, भातवडीच्या लढाईच्या वर्षात. मराठे घोडेस्वार समोरून जातात. तंबू नाही, सामानाच्या गाड्या नाहीत, खोगिराला एक पडशी. मोगलांच्या जड फौजेला अंबरने आणि शहाजीराजांसारख्या सरदारांनी या हलकेपणावरच जेरीस आणलं. ते दृश्य विरतं आणि तुम्ही आकडे मांडता: तुम्ही 70 किलो, सायकल नऊ. एक किलो कमी केलं तर वीस मिनिटांच्या चढात जेमतेम पंधरा सेकंद वाचतात. तेवढ्यासाठी लाखभर रुपये मोजण्याआधी खिशातलं जास्तीचं कुलूप, दुसरी भरलेली बाटली आणि दिवाळीनंतर कमरेवर साठलेलं काढा. पंक्चरचं सामान मात्र काढू नका, या रस्त्यावर बाभळीचे काटे आहेत.

म्हैसमाळच्या चढाला झाडी कमी, वारा जास्त. इथे तुम्हाला भेटतो तो फार जुना माणूस नाही. 1975 च्या आसपासचा असावा. काळी, जाड नळ्यांची, एकाच गिअरची देशी सायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. धोतर चेनमध्ये जाऊ नये म्हणून पायाशी घट्ट गुंडाळलेलं. तो रस्त्यावर डावी-उजवीकडे वळणं घेत चढतोय, त्यामुळे चढ थोडा सौम्य होतो. एका दगडापाशी तो शांतपणे उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. चेहऱ्यावर दमल्याची खूण नाही.

“काका, इतक्यात उतरलात?”

“रोज इथंच उतरतो मी. दमल्यावर उतरलं की मग चढवत नाही.”

तुम्ही बाटलीला हात घालता. तहान लागलेली नाही, तरी दोन घोट पिता. केळं अर्धं खाता, भूक नसताना. पुढे तासाभराने पोटऱ्यांत गोळे आले नाहीत की या काकांची आठवण होईल. रस्ता संपता संपता दूरदर्शनचा मनोरा दिसायला लागतो, गिरिजामातेच्या देवळाकडे जाणारे लोक थांबून बघतात. तुम्ही माथ्यावर पाय टेकवता तेव्हा शेवटची चौकी संपलेली असते.

उतरताना हात खालच्या दांड्यांवर, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडत, सतत धरून ठेवायचे नाहीत, रिम तापतात. वळण सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा. सकाळी आठनंतर वेरूळला जाणाऱ्या गाड्या वाढतात, म्हणून त्याआधी दरवाजा ओलांडलेला बरा.

शर्यतीच्या आधीचा शेवटचा आठवडा कमी चालवण्याचा. पाय शिवशिवतील, तरी दोनच छोट्या फेऱ्या, त्यांत एक-एक चौकी जोरात. शनिवारी चेन पुसून तेल घाला, टायरवरून बोट फिरवून काटे बघा. मग पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा सायकलच्या आडव्या नळीवर लावा आणि शर्यतीच्या घाटाच्या चौक्या त्यावर पेनाने लिहा: कितव्या किलोमीटरला पहिली, कुठे चढ तीव्र होतो, कुठे गिअर आधीच बदलून ठेवायचा, कुठे प्यायचं. पहिल्या दोन चौक्यांत इतर लोक पुढे जातील, जाऊ द्या. तिसरीपासून ते एकेक करून मागे यायला लागतील. शेवटच्या चौकीसमोर पट्टीवर काही लिहायचं नाही, तिथून माथ्यापर्यंत काहीही राखायचं नाही.